पहिल्या दिवसाची शिळी फुलं

बतकम्मा म्हणजे काय, हे मला चार ओळींत लिहिता येतं. नोकरीत असताना दर वर्षी लिहिलंच. तेलुगू भाषक पद्मशाली समाजाचा फुलांचा उत्सव, पितृ अमावस्येला सुरुवात, दुर्गाष्टमीला विसर्जन, महिलांचा उत्स्फूर्त सहभाग. बातमीच्या शेवटी पदाधिकाऱ्यांची नावं. शहरातल्या एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर माझी सगळी नोकरी गेली. समाजातला म्हणून ही बातमी आपोआप माझ्याकडे यायची. मागच्या वर्षीचं कात्रण समोर ठेवून नावं बदलली की काम होत असे.

देवाकडे मी कधी काही मागितलं नव्हतं. ते नास्तिकपण नव्हतं, कामाची सवय होती. यात्रेत चेंगराचेंगरी झाली की मृतांची यादी आणि पाऊस पडला की ग्रामदैवताच्या कृपेची चौकट, दोन्ही एकाच टेबलावरून जात असत. अशा टेबलावर बसलेल्या माणसाची श्रद्धा हळूहळू कोरडी पडते. म्हणून पुढचं जे सांगतो आहे, ते घडलं तसं सांगतो. त्याला काय म्हणायचं, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

आमचे पणजोबा निजामाच्या काळात करीमनगरकडच्या कुठल्याशा गावाहून माग घेऊन इथे आले. गावाचं नाव घरात कुणालाच माहीत नाही. राज्य एकच होतं. आपण दुसऱ्या मुलखात आलो असं त्यांना वाटलंही नसेल. परके आम्ही नंतर झालो, नकाशे बदलल्यावर. पण तोवर आजोबा मराठी शाळेत शिकले होते आणि वडिलांनी माग मोडून कारकुनी धरली होती. माझ्या पिढीपर्यंत घरात तेलुगू उरली ती नात्यांपुरती, भाज्यांपुरती आणि शिव्यांपुरती. आईला अम्मा म्हणायचं. चिंच घालून वरण करायचं. आणि वर्षातून एकदा बतकम्मा.

त्या बतकम्माचंही पुढे काय झालं, ते मी जवळून पाहिलं. समाजाचा कार्यक्रम मंगल कार्यालयात होऊ लागला. थर्माकोलचा उंच मनोरा, त्यावर टाचणीने टोचलेला झेंडू, उत्कृष्ट सजावटीला बक्षीस, आणि गाणी लाउडस्पीकरवर. पुण्याला नोकरी करणारी माझी मुलगी त्या दिवशी पोचमपल्ली साडी नेसते आणि समोर फुलांची थाळी धरून फोटो टाकते. खाली लिहिते, माझी मुळं. मी त्या फोटोला अंगठा देतो. यात खोटं काहीच नाही. ती मनापासून लिहिते, मीही मनापासून अंगठा देतो. फक्त त्या फोटोतल्या फुलांची नावं दोघांनाही येत नव्हती.

अम्मा त्या कार्यक्रमाला दोनदा आली आणि मग यायची थांबली. मी कारण विचारलं, तर म्हणाली, "ते भोंगं दम खात नाय रे. मधी शिरायचं कुठून?" मला ती गंमत वाटली. मी ती डेस्कवर सांगितली आणि लोक हसलेही.

गेल्या वर्षी श्रावणात अम्मा न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, एक्स-रे चांगला आला, वॉकर घेऊन चार पावलं टाकवूनही झाली. मुकुंदवाडीतल्या घरी आणल्यावर मात्र तिने एक एक गोष्ट सोडायला सुरुवात केली. आधी वॉकर सोडला, मग बसणं, मग बोलणं. भाद्रपद सरत आला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असे आणि दिवसभरात चमचा-दोन चमचे पेज तोंडात जात असे. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. शरीर थांबावं असं आत काही बिघडलेलं नाही, असं म्हणाले. खाल्लं पाहिजे, उठून बसलं पाहिजे, नाहीतर फुप्फुसं भरतील. अन्न असंच बंद राहिलं, तर दवाखान्यात नेऊन नाकातून नळी घालावी लागेल. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला ती नळी होती. तिचे हात कठड्याला बांधून ठेवत असत. ते बघून अम्माने माझं मनगट धरलं होतं. तिला काय म्हणायचं होतं, ते मला शब्दांशिवाय कळलं होतं.

अमावस्येच्या दोन दिवस आधी ती अनेक दिवसांनी एक शब्द बोलली. तंगेडू. माझ्याकडे जे थोडे शब्द होते त्यातला तो एक. तंगेडू म्हणजे तरवड, माळावर आपोआप उगवणारं, पिवळ्या फुलांचं झुडूप. बतकम्माला ते आधी लागतं. लहानपणी वडील सायकलला पिशवी अडकवून ते आणायला जात. फुलं आणायची ती घरातल्या पुरुषांनी आणि रचायची बायकांनी, अशी आमच्याकडची रीत. वडील गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं आणि मी ते गुलमंडीवरच्या फुलवाल्याकडे दिलं. तो झेंडू देई, शेवंती देई. अम्मा काही बोलत नसे.

शहराच्या कडेला जिथे तरवड असायचा तिथे आता प्लॉट पडले आहेत. बायको देवगाव रंगारीची, शेतकऱ्याघरची. तिने तिच्या भावाला फोन लावून माझ्याकडे दिला.

"दाजी, तरवड व्हय? त्याला तर शेळ्या बी तोंड लावत नाय. काय करता त्याचं?"

अम्मासाठी हवा आहे, म्हणालो.

"अम्माचं पोट बिघडलं का? पाला उकळून द्या मग."

देवीला हवा आहे, फुलं हवी आहेत, असं सांगितलं. "तुमची देवी बी तुमच्यासारखीच दिसती, जगावेगळी," म्हणाला, आणि लासूर स्टेशनहून देवगावकडे येताना डाव्या हाताच्या माळावर लई तरवड हाय, असा पत्ता दिला.

अमावस्येच्या आदल्या दिवशी स्कूटर घेऊन निघालो. माळ सापडला. तरवड पिवळाजर्द फुलला होता आणि खालच्या मक्याच्या शेताच्या बांधाला कुरडूचे पांढरे-गुलाबी तुरे होते. तेही बतकम्माला लागतात, हे मला फुलं समोर दिसल्यावर आठवलं. पिशवी पसरून तोडायला लागलो. फांदी चिवट असते. वडील हे कसं करत, ते कधी पाहिलंच नव्हतं. बोटं सोलवटली.

बांधावरच्या लिंबाखाली बाजेवर एक म्हातारी बाई बसली होती. शेत त्यांचंच. लासूरच्या बाजारात मुलांची धान्याची आडत होती आणि मका सोंगायला आलेल्या मजुरांवर लक्ष ठेवायला ती सुनेबरोबर आली होती, हे सगळं नंतर कळलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग जागेवरूनच तिने आवाज दिला.

"बतकम्मा के वास्ते तोड रै क्या?"

मी तोडायचा थांबलो. आमच्या गल्लीत इतकी वर्षं शेजार आहे, तरी दर वर्षी मला पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं की हे घट नव्हेत, भोंडलाही नव्हे. आणि इथे लासूरच्या माळावर एका अनोळखी बाईने माझ्या हातातली फुलं बघून देवीचं नाव घेतलं होतं.

जवळ गेलो. ती माझ्या मराठीला मराठीत आणि स्वतःला वाटेल तेव्हा दखनीत बोलत होती. तिचं माहेर शहरातलं, हिमरू विणणाऱ्यांच्या मोहल्ल्यातलं. शेजारी साळ्यांची, म्हणजे आमच्या लोकांची घरं. दसऱ्याआधी त्या घरांतल्या पोरी अंगणात फेर धरत. हीही त्यांच्यात शिरायची. तिच्या अम्मीने दोनदा कान धरून घरी आणलं, तिसऱ्यांदा अम्मी स्वतःच बघायला उंबऱ्यात बसली. शब्दांचा अर्थ तिला तेव्हाही कळत नव्हता आणि आताही कळत नाही. गाणी मात्र तोंडात राहिली.

"तुमच्याकडं आता गाणं कोण बोलतं?" तिने विचारलं.

मोबाईलवर लावतो, असं मी सांगितलं.

ती हसली. "मोबाईल को दम नै लगता बाबा. बाई दम खाती, तवाच तर दुसरी मधी शिरती."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. कुठे, ते सांगायला नको. मी बाजेच्या कडेला टेकलो आणि सहसा परक्याला सांगत नाही ते तिला सांगितलं. अम्मा पडली, बोलत नाही, खात नाही, नळी घालायची वेळ आली आहे, आणि तिने फक्त ही फुलं मागितली आहेत. तिने नाव विचारलं. सत्यम्मा, म्हणालो.

"सत्तक्का कते थे एक. उंच, सावळी. नाकात दोन्हीकडं चमकी."

अम्माच्या नाकाला दोन्हीकडे टोचलेलं आहे. पण त्या पिढीतल्या आमच्या बहुतेक बायकांचं तसंच असतं, आणि सत्यम्मा हे नाव दर दोन घरांआड सापडतं. शिवाय अम्माचं माहेर जालन्याचं. ती लग्न होऊन शहरात आली तेव्हा ही बाई लग्न होऊन लासूरला गेलेली असावी. मी मनात सालं जुळवून पाहिली. जुळत नव्हती. अगदीच अशक्य होतं असंही म्हणता येत नव्हतं.

उद्या येते, असं तिने सांगितलं. सुनेला तसंही शहरात काम होतं. पत्ता दिला तो शिष्टाचार म्हणून. ती येईल असं मला वाटलं नव्हतं.

संध्याकाळी फुलं अम्माच्या उशाशी नेली. तिने मान वळवली, हात बाहेर काढला आणि तरवडाचा एक घोस गालाला लावला. मग खुणेने खाटेखालचं सूप दाखवलं. सुपात फुलं पसरून खाटेखाली सरकवली. त्या दिवशी तिने पाच-सहा चमचे पेज घेतली. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. दोघांनाही वाटलं, आता ती सावरेल.

सकाळी सूप ओढून पाहिलं तर फुलं माना टाकून पडली होती. तरवडाच्या पाकळ्या मिटल्या होत्या आणि कुरडूचे तुरे काळवंडले होते. बायको म्हणाली, "शिळी फुलं देवाला कुठं वाहतात? ठेवायची का?" मला वाईट वाटलं, पण विचार असा काही करावा लागला नाही. तिच्या माहेरी आणि माझ्या घरी, शाळेत शिकलो त्यात आणि मी छापलं त्यात, सगळीकडे एकच नियम होता. सुकलेलं ते निर्माल्य. टाक, म्हणालो. मीच ते कापडी पिशवीत भरून चौकातल्या निर्माल्य कलशात टाकून आलो आणि येताना बाजारातून ताजा झेंडू, अस्टर, शेवंती आणली. लासूरला पुन्हा जायला वेळ नव्हता.

बायकोने पितळी थाळीत छान मनोरा रचला. वर हळदीची गौरम्मा ठेवली. थाळी अम्माजवळ नेली. तिने ती पाहिली आणि मग खाटेखाली हात घालून सूप चाचपलं. रिकामं होतं. ती तेलुगूत काही तरी म्हणाली. लांबलचक, सावकाश, समजावून सांगावं तसं. इतकं ती महिन्याभरात बोलली नव्हती. मला त्यातला एकही शब्द कळला नाही. मी मराठीत म्हणालो, अम्मा, ती सुकली होती, ही ताजी आणली आहेत. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिच्यात राग नव्हता. पाहुण्याशी बोलताना असते तशी ती नजर होती. मग तिने भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर पाण्याचा थेंबही तिने घेतला नाही. दुपारी डॉक्टरांना फोन केला. उद्या सकाळी आणा, नळी घालू, असं ते म्हणाले. मी दवाखान्याची पिशवी भरायला घेतली. टॉवेल, रिपोर्ट, आधार कार्ड. तिला विचारायचं राहिलं आहे असं वाटत होतं, पण कोणत्या भाषेत विचारायचं, हे कळत नव्हतं. अम्माला मराठी येत होती. माझ्याइतकीच चांगली येत होती. पण त्या दिवशी ती मराठीतून उठून गेली होती आणि तिच्यामागे जायला माझ्याकडे वाट नव्हती. थाळीसमोर उभा राहिलो. हात जोडले नाहीत. इतकंच मनात आलं की इथून पुढचं मला येत नाही.

दिवेलागणीला दारात गाडी थांबली. लासूरच्या त्या बाई आल्या, ज्यांना पुढे आम्ही खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागलो. सून गाडी लावत होती, त्या भिंतीला धरून पायऱ्या चढल्या. हातात ओल्या फडक्याचं गाठोडं आणि एक डबा. खोलीत आल्या, थाळीकडे पाहिलं.

"ये तो हार की फुलां है. कल की फुलां किधर गये?"

सुकली म्हणून टाकली, मी सांगितलं.

त्यांनी मला बसायला सांगितलं, जणू घर त्यांचं होतं. "सुकने के वास्तेच तो रखते रे. पहिला दिवस शिळ्या फुलांचा. जे गेले, त्यांची अमावस हाय. त्यांच्याकडं ताजं काय असतंय?" आणि मग, माझा चेहरा बघून, थोड्या खालच्या आवाजात, "मैंने बोली नै. वाटलं, तुमच्या घरचंच हाय, तुम्हाला कोण सांगणार."

गाठोडं सोडलं. त्यात तरवड होता, कुरडू होता, आदल्या दिवशी माझ्यामागून तोडलेला. सगळा मलूल झालेला. शेतातून आणलेली भोपळ्याची पानंही होती. त्या जमिनीवर बसल्या, थाळीतला झेंडू बाजूला काढला, तळाला पानं घातली आणि रचायला लागल्या. रचता रचता गुणगुणायला लागल्या. आवाज चिरका होता. एक ओळ झाली, दुसरी झाली, तिसरीला अडखळल्या. पुन्हा पहिल्यापासून म्हणाल्या, पुन्हा तिथेच अडल्या. "आगे क्या था," असं स्वतःशीच पुटपुटून त्यांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली. तिथे आल्या आणि दम घ्यायला थांबल्या.

पुढची ओळ खाटेवरून आली.

घोगरी, तुटक, पण सुरात. अम्माचं तोंड अजून भिंतीकडेच होतं. खालांनी मागे वळून पाहिलं नाही. फुलावर फूल ठेवत राहिल्या आणि ओळ संपल्यावर त्यांनी आपली उचलली. मग अम्मा. मग त्या. एका ठिकाणी खालांचा शब्द चुकला असावा, कारण अम्मा मधेच थांबली, तोच शब्द पुन्हा म्हणाली, जरा चढ्या आवाजात, आणि हसली. खाला म्हणाल्या, "हव हव, तुमचंच खरं." तेव्हा अम्माने मान वळवली.

ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "शंकरी."

खालांचं नाव मेहरुन्निसा. त्यांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "हव," म्हणाल्या. "मैंच."

अम्माने माझ्याकडे हात पुढे केला. तिला उठवून बसवलं, पाठीला उशा लावल्या. खालांनी थाळी खाटेसमोर ठेवली आणि दोघी टाळ्या वाजवत म्हणत राहिल्या, एकीचा दम संपला की दुसरी. बायको मधे उभी होती. तीही टाळ्या धरायला लागली. गाणं संपल्यावर खालांनी डबा उघडला. पोळी कुस्करून गूळ-तूप घातलेला मलीदा. त्यांच्याकडे गेलेल्यांच्या फातेह्याला करतात, आमच्याकडे बतकम्माला. नावही एकच. अम्माने त्यांच्या हातून तो खाल्ला, मुलं खातात तसा, पुढचा घास मागत. दवाखान्याची पिशवी दारामागे तशीच राहिली.

जाताना फाटकापाशी मी खालांना विचारलं. जुनी सवय, खात्री केल्याशिवाय राहवत नाही. तुमची सत्तक्का हीच का? त्या गाडीच्या दाराला धरून उभ्या होत्या.

"पता नै बाबा. चेहरा किसको याद रहता. गाना वोच था."

आणि शंकरी कोण?

"आसंल कुणीतरी. आज ती नाय, तर मी."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवलं की येत नाही. अम्मा खात राहिली. अष्टमीला खाला पुन्हा आल्या. आम्ही अम्माला खुर्चीत बसवून जवळच्या विहिरीपर्यंत नेलं आणि दोघींनी मिळून फुलं पाण्यात सोडली. अम्मा माघापर्यंत होती. वॉकर घेऊन अंगणापर्यंत यायची, उन्हात बसायची, माझ्याशी मराठीत बोलायची. शेवटी एका सकाळी चहा पिऊन ती पडली ती उठली नाही. नळी नाही, बांधलेले हात नाहीत.

त्या मधल्या महिन्यांत मी तिला गाणी विचारली. वही घेऊन नव्हे, नुसता जवळ बसून. ती दोन शब्द सांगायची आणि थांबायची. म्हणायची, बसून येत नाय रे ती, फिरताना येत्यात, आणि समोरून कुणी उचललं तर येत्यात. उचलायला मी होतो, पण मला उचलता येत नव्हतं. त्या दिवशी ती सकाळी तेलुगूत काय म्हणाली होती, तेही विचारलं. तिला आठवत नव्हतं. आठवत असूनही सांगितलं नसेल, तर ते माझ्यावरच्या मायेने, असं मी धरून चाललो आहे. ती समजावणी मला कळली नाही ती नाहीच. चाळीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं नीट करण्यात घालवली, आणि माझ्यासाठी म्हणून बोललेलं एक वाक्य तसंच राहून गेलं.

या वर्षी समाजाच्या कार्यक्रमात आपली ओळख या विषयावर दोन शब्द बोला, असं निमंत्रण होतं. मी नाही म्हणालो. ओळख सांगायला उभं राहिलो असतो, तर मला लासूरच्या एका बाईबद्दल बोलावं लागलं असतं आणि कार्यकर्त्यांची अडचण झाली असती. तसं म्हणणं कदाचित त्यांच्यावर अन्यायही असेल. खरं म्हणजे अडचण माझी झाली असती.

अमावस्येच्या आदल्या दिवशी माळावर गेलो. खालांचे गुडघे आता साथ देत नाहीत. त्या लिंबाखाली बाजेवर बसून मला कुठला घोस तोडायचा ते काठीने दाखवत होत्या. गाणं म्हणा, म्हणालो. "अकेली को नै आता," म्हणाल्या. "सामने कोई होना." सुनेने भोपळ्याची पानं बांधून दिली.

घरी आल्यावर फुलं सुपात पसरली आणि अम्माच्या रिकाम्या खाटेखाली सरकवली. सकाळी सूप ओढलं तेव्हा ती सुकलेली होती, आणि ती तशी सुकलेली पाहून मला आयुष्यात पहिल्यांदा हात जोडावेसे वाटले. जे टिकवायचं म्हणून मी वर्षानुवर्षं छापत होतो, ते टिकवायचं नव्हतंच. सुकू द्यायचं होतं, रचायचं होतं आणि पाण्यात सोडायचं होतं. राखणारे आपण कोण? देवीने मागच्या वर्षी आमच्या दारात जे पाठवलं, ते मी राखलेलं नव्हतं. मी टाकून दिलेलं होतं, आणि ते दुसऱ्याच्या हाताने परत आलं. त्या हातांना रोज नमस्कार करतो. मेहरुन्निसा आणि शंकरी, दोघींनाही.

संध्याकाळी बायकोने थाळी रचली. मुलगी पुण्याहून आली होती. या वेळी तिने फोटो काढला की नाही, माझं लक्ष नव्हतं. मोबाईल लावायचा नाही, एवढं ठरलेलं होतं. तिघांनी थाळीभोवती फेर धरला. शब्द कुणालाच येत नव्हते, म्हणून नुसत्या टाळ्या वाजवल्या. काही टाळ्या झाल्या की आम्ही थांबतो. अम्मा जिथे ओळ उचलायची, तेवढी जागा सोडतो. मग पुन्हा टाळ्या.